चिंध्यांची बाहुली



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना नवल वाटलें असेल. निवृत्त शाळामास्तरानें फार तर शुद्धलेखनावर बोलावें, नाहीं तर हल्लींच्या मुलांच्या हस्ताक्षराबद्दल खेद व्यक्त करावा. बाहुली हा कांहीं त्याचा प्रांत नव्हे. परंतु तीसांहून अधिक वर्षें खालच्या वर्गांतील मुलांच्या संगतींत काढल्यावर माझें मत असें बनलें आहे कीं, मुलाला शहाणें करणाऱ्या वस्तूंत पाटीपुस्तकाच्या खालोखाल कोणाचा मान असेल, तर तो चिंध्यांच्या बाहुलीचा. बाजारांतून आणलेल्या बाहुलीबद्दल मी हें म्हणत नाहीं. घरांतल्या जुन्या कापडाची, हातानें, आणि मुलाच्या डोळ्यांदेखत शिवलेली बाहुली मला अभिप्रेत आहे. ती कशी शिवावी आणि कां शिवावी, ह्या दोन गोष्टी मी आज आपल्यापुढें मांडणार आहें.

बाहुलीचा आणि कापडाचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. विराटपर्वांत बृहन्नडेच्या वेषांतला अर्जुन राजपुत्र उत्तराचा सारथि होऊन कौरवांवर चालून जावयास निघतो, तेव्हां राजकन्या उत्तरा आणि तिच्या सख्या त्याच्यापाशीं काय मागतात? भीष्मद्रोणांना जिंकून येशील, तेव्हां आमच्या बाहुल्यांसाठीं तलम, सुंदर वस्त्रें घेऊन ये! रणांगणावर कौरववीर मोहित होऊन पडल्यावर अर्जुनास तें मागणें आठवतें, आणि तो राजपुत्राकडून द्रोण व कृप यांचीं शुभ्र, कर्णाचें पिवळें, अश्वत्थामा व दुर्योधन यांचीं निळीं वस्त्रें काढून आणवितो. बाहुलीसाठीं तेथें 'पांचालिका' असा शब्द आला आहे. शस्त्रास्त्रांच्या त्या धुमाळींत मुलींच्या भातुकलीची आठवण ठेवणाऱ्या भारतकाराला लहान मुलें चांगलीं ठाऊक असलीं पाहिजेत.

प्रत्यक्ष चिंध्यांची बाहुली मात्र फार जुनी अशी सहसा सांपडत नाहीं. दगड-धातूच्या मूर्ति टिकतात. कापड दमट हवेंत कुजतें आणि कसरीच्या तोंडीं पडतें. ईजिप्तच्या कोरड्या हवेनें मात्र एक बाहुली आपल्यासाठीं जपून ठेविली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. रोमन अमदानींतील, इसवी सनाच्या पहिल्या ते पांचव्या शतकांच्या दरम्यानची ती आहे. वर लिननचें जाडेंभरडें कापड, आणि पोटांत चिंध्या व पपायरसचे तुकडे. म्हणजे कृति तीच, जी आपल्या आजीची होती!

अमेरिकेची हकीकतहि अशीच. एकोणिसाव्या शतकांत रानें तोडून शेतें करणाऱ्या तेथील कुटुंबांना दुकान दूर आणि पैसा थोडा. त्या घरांतल्या आया पिठाच्या रिकाम्या पोत्यांचें कापड आणि फाटके कपडे यांच्या बाहुल्या शिवून मुलींना देत. त्यांतूनच पुढें धंदाहि निघाला. ऱ्होड आयलंड संस्थानांतील आयझाना वॉकर नांवाच्या बाईनें आपल्या कापडी बाहुल्यांच्या कृतीचें १८७३ सालीं पेटंट घेतलें. १९१५ सालीं जॉनी ग्रुएल ह्या चित्रकारानें 'रॅगेडी ॲन' ह्या बाहुलीच्या आकृतीचें पेटंट मिळविलें आणि १९१८ सालीं तिच्या गोष्टींचें पुस्तक काढलें. आज तिकडे तसल्या जुन्या घरगुती बाहुल्यांना लोककलेचा मान मिळाला आहे. गंमत अशी कीं, नवी शिवलेली बाहुलीहि जुनी दिसावी म्हणून हौशी स्त्रिया तिचें कापड चहाच्या किंवा कॉफीच्या पाण्यांत भिजवून मळकट करतात. चहाची ही युक्ति आपण लक्षांत ठेवूं. ती आपल्याला पुढें निराळ्याच कारणासाठीं उपयोगी पडणार आहे.

आपल्या देशांतहि ही कला सर्वत्र एकसारखी नाहीं. अवधकडे नागपंचमीच्या दिवशीं मुली चिंध्यांच्या बाहुल्या करून तळ्याकाठीं नेतात आणि त्यांचे भाऊ त्या काठ्यांनीं बडवितात! आपल्याकडे बाहुलीच्या नशिबीं लग्न असतें. मांडव, वरात, विहिणींचे मानपान आणि चुरमुऱ्यांची पंगत असा थाट होतो. शेजारच्या मध्य प्रदेशांत झाबुआ जिल्ह्यांत भिल्ल स्त्रीपुरुषांच्या कापडी जोड्या करतात; पुरुषापाशीं तीरकमान, स्त्रीच्या डोक्यावर टोपली. ही कला जोपासल्याबद्दल रमेश आणि शांति परमार ह्या दांपत्यास २०२३ सालीं पद्मश्री देण्यांत आली.

महाराष्ट्रांतील घरांत लाकडी ठकी असे, ती सुतारानें केलेली. मातीची बाहुली असे, ती कुंभाराची. चिंध्यांची बाहुली तेवढी आजीची. आणि नेमकें येथेंच दुखणें आहे. सुताराची कला त्याच्या मुलाकडे जाते, तिला गिऱ्हाईक असतें. आजीच्या बाहुलीला ना दुकान, ना गिऱ्हाईक, ना लिहिलेली कृति. ती पाहून पाहून शिकावयाची. ज्या घरांत एका पिढीनें ती पाहिली नाहीं, त्या घरांतून ती कायमची गेली. म्हणून माझी विनंति अशी कीं, आपण क्षणभर कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. मी कृति सावकाश सांगतों.

प्रथम कापड. अनेकदां धुतलेलें सुती धोतर, पंचा, उशीचा अभ्रा किंवा साधें मांजरपाट घ्यावें. मांजरपाट नवें असेल तर धुवून त्याची खळ काढावी, म्हणजे जें आटावयाचें तें आधींच आटतें. नायलॉनचें सुळसुळीत कापड नवशिक्यानें टाळावें. तें हाताखालून सरकतें आणि त्याचे धागे सुटतात.

जुन्या वर्तमानपत्रावर दहा इंच उंचीची आकृति काढून कापावी. वाटोळें डोकें, जाड मान, बाजूंना पसरलेले हात आणि थोडे फांकलेले पाय, अशी ती असावी; मुलें पाटीवर माणूस काढतात अगदीं तसा. डोकें एकंदर उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढें ठेवावें, कारण तान्ह्या मुलाच्या शरीराचें प्रमाण तसें असतें आणि तें पाहून माया उपजते. मान मात्र बारीक ठेवण्याच्या मोहांत पडूं नये. बारीक मानेची बाहुली चार दिवसांत मान टाकते.

कापडाची दुहेरी घडी घालावी, सुलट बाजू आंत. तिच्यावर कागद ठेवून पेन्सिलीनें सभोंवार रेघ मारावी. आतां कात्री उचलूं नये. आधीं शिवावें आणि मग कापावें; म्हणजे लहान तुकडे हातांतून निसटत नाहींत. रेघेवरून बारीक उलटी टीप घालावी, म्हणजे सुई एक पाऊल पुढें काढून अर्धें पाऊल मागें टोंचावी. नुसता धांवदोरा भराभर होतो खरा, पण आंतून दाब पडला कीं टांके फांकतात आणि कापूस बाहेर डोकावूं लागतो. एका कुशीला दोन इंच जागा उघडी ठेवावी. शिवण पुरी झाल्यावर बाहेरून पाव इंच कापड राखून कापावें. मानेपाशीं, काखेंत आणि दोन पायांच्या मध्यें कात्रीनें लहान खांचा द्याव्या. त्या शिवणीपर्यंत जाव्या, पण शिवणीला लागूं नयेत. ह्या खांचा दिल्या नाहींत, तर उलटविल्यावर तेथें कापड ओढलें जाऊन चुण्या पडतात. मग पेन्सिलीच्या बोथट टोंकानें ढकलीत ढकलीत पिशवी सुलट करावी.

आंत काय भरावें? जुन्या गादींतला कापूस नीट पिंजून आणि उन्हांत तापवून घेतला तर उत्तम. सांवरीचा कापूस मऊ असतो, पण तो उडतो आणि नाकातोंडांत जातो. कांहींच नसेल तर स्वच्छ सुती चिंध्या बोटभर लांबीच्या बारीक कापाव्या. भुसा किंवा कोंडा परदेशांत भरीत असत. आपल्या पावसाळ्यांत त्याला ओल धरते आणि किडे होतात, तेव्हां तो नको. एका वेळीं चिमूटभरच घालावें आणि प्रथम डोकें भरावें, मग मान. मानेंत कापडाची घट्ट वळकटी घालावी. नंतर हात आणि पाय भरून, खांद्याशीं व मांडीशीं आडवा धांवदोरा घालावा, आणि शेवटीं धड भरावें. ह्या आडव्या दोऱ्यानें सांधा होतो आणि बाहुलीला बसतां येतें. न बसणाऱ्या बाहुलीला पंगतींत पाट मिळत नाहीं, हें भातुकलीचे जाणकार सांगतील. कुशीची उघडी कड आंत दुमडून बारीक टांक्यांनीं मिटवावी.

आतां चेहरा. येथें मी मुद्दाम थोडा थांबणार आहें. डोळे काळ्या दोऱ्याचे. डोक्याच्या मध्यरेषेवर किंवा किंचित् खालीं घ्यावे, म्हणजे मुद्रा लहान मुलाची दिसते. वर घेतले तर बाहुली प्रौढ दिसूं लागते. दोऱ्याची गांठ डोक्याच्या मागें, केसांखालीं लपेल अशी ठेवावी. ओठांसाठीं तांबड्या दोऱ्याचे दोन-तीन आडवे टांके पुरेत. नाक नसलें तरी चालतें. ओठांना हसूं देऊं नये, ते सरळच ठेवावे. कारण असें पाहा: जिच्या चेहऱ्यावर कारखान्यानें कायमचें हसूं छापून ठेविलें आहे, तिला ताप कसा येणार? ती रुसणार कशी? बाहुली आज आजारी आहे, आज तिला आईची आठवण आली आहे, हें मुलानें ठरवावयाचें असतें. चेहरा जितका साधा, तितकें मुलाच्या मनाला काम अधिक.

केसांसाठीं काळी लोकर एखाद्या पुस्तकाभोंवतीं तीस-चाळीस वेळां गुंडाळावी, एका बाजूनें कापावी आणि डोक्यावर पसरून मधोमध उलट्या टिपेनें शिवावी. ती शिवण म्हणजेच भांग. दोन्ही बाजूंना वेण्या घालाव्या. कपडे मुलाकडून निवडून घ्यावे. आईच्या जुन्या लुगड्याचा कांठ, आत्याच्या खणाचा उरलेला तुकडा, वडिलांच्या सदऱ्याची बाही. घरांतल्या प्रत्येकाचें कांहींतरी बाहुलीच्या अंगावर यावें. पुढें पुष्कळ वर्षांनीं हें लुगडें कोणाचें, असें विचारलें कीं ती माणसें आठवतात.

दोन सूचना कळकळीच्या. तीन वर्षांखालील मुलाच्या बाहुलीला मणी, टिकल्या किंवा बटणें मुळींच लावूं नयेत. तीं ओढून काढून मुलें गिळतात आणि तीं घशांत अडकून जीव धोक्यांत येतो. नथ हवीच असेल तर ती दोऱ्यानें भरावी. आणि सुया व टांचण्या शिवावयास बसतांना मोजाव्या, उठतांनाहि मोजाव्या. एक कमी भरली तर ती सांपडेपर्यंत बाहुली मुलाच्या हातीं देऊं नये.

आतां चहाकडे वळूं. बाहुलीचें अंग पांढऱ्या कापडाचें करण्याचा प्रघात आहे. कां, तर तें गोरें दिसतें. ह्या एका समजुतीविषयीं मला आज थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. आमच्या वर्गांत हस्तकलेच्या तासाला बाहुल्या करावयाच्या ठरल्या. मीं सर्वांना मांजरपाट वांटलें. मागच्या बांकावरची आठ वर्षांची एक मुलगी कापड मांडीवर घेऊन नुसतीच बसून होती. जवळ गेलों, तेव्हां ती हळूच म्हणाली, "गुरुजी, हिला माझा रंग दिला तर चालेल का?" चालेल का! परवानगी मागावी अशी ही गोष्ट आहे, असें त्या एवढ्याशा जीवाला कोणी शिकविलें होतें? पुस्तकांतल्या चित्रांनीं, दुकानांतल्या बाहुल्यांनीं, आणि आपण मोठीं माणसें मुलांदेखत जें सहज बोलतों त्यानें.

मीं चहाची पूड आणविली. लिटरभर पाण्यांत तीन-चार चमचे पूड चांगली उकळून गाळून घेतली, आणि ओलें केलेलें कापड त्यांत घातलें. दहा मिनिटांत गव्हाळ रंग आला, अर्ध्या तासांत सांवळा. ज्यांना आणखी गडद हवा होता, त्यांच्यासाठीं पाण्यांत थोडा कात घातला. कातानें तपकिरी छटा येते. नंतर साध्या पाण्यांतून काढून कापड सावलींत वाळत घातलें. चहांतला तुरट अंश सुताला धरून बसतो, त्यामुळें हा रंग सहसा एका धुण्यांत जात नाहीं. हळूहळू थोडा फिका होतो एवढेंच. त्या दिवशीं पुष्कळ मुलांनीं आपलीं कापडें पुन्हां भिजविलीं. आपला हात कापडाशेजारीं धरून तीं रंग जुळवून पाहत होतीं. दोरीवर वाळत घातलेल्या तुकड्यांत एकाचा रंग दुसऱ्यासारखा नव्हता. त्या मुलीनें आपली बाहुली तासाच्या शेवटीं मला दाखविली नाहीं, शेजारणीला दाखविली.

ही गोष्ट क्षुल्लक आहे असें कोणी समजूं नये. १९४० च्या सुमारास अमेरिकेंत केनेथ आणि मेमी क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानें कृष्णवर्णी मुलांपुढें रंगाखेरीज इतर बाबतींत सारख्या अशा बाहुल्या ठेविल्या, आणि चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे प्रश्न विचारले. पुष्कळशा मुलांनीं गोऱ्या बाहुलीला चांगली म्हटलें; आणि 'तुझ्यासारखी कोणती' ह्या प्रश्नाशीं कांहीं मुलांना रडूं कोसळलें. १९५४ सालीं शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या निकालांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख केला. बाहुली कोर्टापर्यंत गेली ती उगाच नव्हे. मूल बाहुलीला जवळ घेतें तेव्हां तें स्वतःलाच जवळ घेत असतें. तेव्हां ती त्याच्यासारखी असूं द्या.

दुसरा गैरसमज असा कीं, हें काम मुलींचें. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हातच्या उद्योगांतून शिक्षण द्यावें असा विचार मांडला, त्यांत मुलगे आणि मुली असा भेद नव्हता. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें खेड्यांतल्या मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम सुरू केलें, त्यांत त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. महागडीं परदेशी साधनें बाजूस ठेवून शिंपले, खडे, बिया, पानें ह्यांवर त्या बायांनीं मुलांना शिकविलें. आपल्या घरांतली चिंधी त्याच जातीची वस्तु आहे. माझ्या वर्गांतले मुलगे पहिल्या दिवशीं सुई धरतांना हंसत. तिसऱ्या दिवशीं सुईंत दोरा ओंवण्याच्या शर्यती लावीत. टीप सरळ येण्यासाठीं जें अवधान लागतें, तेंच गणिताची मांडणी सरळ येण्यासाठीं लागतें, हें मीं वह्या तपासतांना पाहिलें आहे. शिवाय ज्याला सुई धरतां येते, तो मोठेपणीं आपल्या सदऱ्याचें बटण लावण्यासाठीं बायकोची वाट पाहत बसत नाहीं. हा लाभहि लहान म्हणतां येणार नाहीं.

कोणी म्हणेल, गुरुजी, पाहिजे तसली बाहुली दुकानांत मिळते आणि आमच्यापाशीं वेळ नाहीं. दुकानांतली बाहुली सुबक असते, हें मला मान्य आहे. पण ती बिघडली कीं मुलाला तिचें कांहींच करतां येत नाहीं. फार तर दुसरी आणा म्हणून हट्ट धरतां येतो. चिंध्यांची बाहुली कशी झाली हें मुलानें पाहिलेलें असतें. तिच्या पोटांत काय आहे हें त्याला ठाऊक असतें. तिचा हात उसवला, तर तो कोठें आणि कसा शिवावयाचा हेंहि तें जाणतें. मोडलेली वस्तु टाकून न देतां दुरुस्त करावी, हें उपदेशानें शिकविणें फार कठीण. मीं तो उपदेश वर्षानुवर्षें केला आहे आणि त्याचें फळ मला ठाऊक आहे. तेंच बाहुलीच्या उसवलेल्या हातानें अर्ध्या तासांत शिकविलेलें मीं पाहिलें आहे.

म्हणून बाहुली कांहीं महिन्यांनीं उसवेल तेव्हां रागावूं नये, आणि आपण स्वतः घाईनें ती शिवूनहि टाकूं नये. मुलाला सात-आठ वर्षें झालीं असतील तर सुई त्याच्या हातीं द्यावी आणि जवळ बसावें. टांके वांकडे येतील, ते उसवूं नयेत. धुवावयाची झाली तर ती कोरड्या दिवसांत धुवावी आणि कडक उन्हांत दोन दिवस वाळवावी, म्हणजे आंतला कापूस कुबट होत नाहीं.

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी आली म्हणजे एक दुपार ह्या कामासाठीं ठेवा. घरांत आजी असेल तर तिच्यापुढें जुनें कापड आणि सुई ठेवून नुसतें बसा. तिला आराखडा लागणार नाहीं. आजी नसेल तर आज मी सांगितलेली कृति कागदावर आहेच. मूल मध्येंच उठून जाईल, पुन्हां येईल, दोऱ्याचा गुंता करील. तें करूं द्यावें. संध्याकाळीं बाहुलीचे डोळे भरून झाले म्हणजे तिचें नांव काय ठेवावयाचें, हा प्रश्न निघेल. त्या प्रश्नाचें उत्तर मात्र आपण देऊं नये. तो अधिकार मुलाचा.